रेणूला फुटल्या फांद्या

घरात कुणाला शुगर असेल तर ग्लुकोमीटर तुम्ही नक्कीच पाहिला असेल. बोटाला टोचायचं, रक्ताचा थेंब पट्टीला लावायचा, की काही सेकंदांत आकडा हजर! हे बघितल्यावर आपल्यासारख्या इंजिनिअरिंगच्या पोरांना प्रश्न पडतोच, की मग बाकीच्या टेस्ट एवढ्या सोप्या आणि स्वस्त का नाहीत? रात्री दोन वाजता छातीत दुखतंय म्हणून कॅज्युअल्टीत आणलेल्या माणसाला हार्ट अटॅक आहे की नुसतीच अ‍ॅसिडिटी, हे तेवढ्याच किमतीच्या पट्टीवर का कळू नये?

मित्रांनो, याचं उत्तर आकड्यांत आहे. उपाशीपोटी आपल्या रक्तात लिटरमागे साधारण १ ग्रॅम साखर असते. हार्ट अटॅकमध्ये डॉक्टर शोधतात ते ट्रोपोनिन नावाचं प्रोटीन. ते हृदयाच्या स्नायूत असतं आणि स्नायूला इजा झाली की रक्तात झिरपायला लागतं. आजच्या संवेदनशील टेस्टमध्ये लिटरमागे वीस-पन्नास नॅनोग्रॅम ट्रोपोनिन दिसलं तरी डॉक्टर सावध होतात. पन्नास धरलं तरी ते साखरेच्या २ कोटी पट कमी झालं! बरं, ते एकटंही नसतं. त्याच लिटरभर रक्तद्रवात ४० ग्रॅमच्या आसपास अल्ब्युमिन असतं, म्हणजे एका ग्रॅम ट्रोपोनिनमागे ८०० टन अल्ब्युमिन. साखर कारखान्याच्या दारात दहा-दहा टनांचे ८० ट्रक भरून उभे आहेत, त्यातल्या कुठल्या तरी पोत्यात एक ग्रॅमचा वेगळा खडा आहे, आणि तो आपल्याला पाव तासात शोधून द्यायचा आहे. ईसीजीमध्ये प्रत्येक हार्ट अटॅक दिसतोच असं नाही, त्यामुळे बऱ्याच पेशंटचा निर्णय या खड्यावरच अडतो.

असा खडा शोधायला निसर्गाने एक हत्यार दिलेलं आहे, ते म्हणजे अँटिबॉडी. मराठीत याला ‘प्रतिपिंड’ म्हणतात. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झाल्यामुळे हा शब्द मला हा लेख लिहितानाच पहिल्यांदा भेटला, आणि पिंड म्हटल्यावर डोळ्यांसमोर वेगळंच चित्र येतं. म्हणून आपण सरळ अँटिबॉडीच म्हणू.

अँटिबॉडी हे इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखं प्रोटीन. दोन हात वर, एक दांडा खाली. हातांच्या टोकाला अशी खाच असते की तिच्यात ठरलेलाच रेणू बसतो, दुसरा नाही. ही रचना उलगडल्याबद्दल रॉडनी पोर्टर आणि जेराल्ड एडेलमन यांना १९७२ चं नोबेल मिळालं. पुढे १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाईन यांनी हुबेहूब एकसारख्या अँटिबॉडी हव्या तेवढ्या बनवायची रीत शोधली आणि १९८४ मध्ये त्यांनाही नोबेल मिळालं. म्हणजे पकडणारा हात तयार आहे, तोही एका साच्यातला. तो हात कुठल्या तरी पृष्ठभागावर बसवायचा आणि त्यात काही अडकलं की प्रकाश, करंट किंवा वजनातला फरक मोजायचा, की झाला अँटिबॉडीवर चालणारा बायोसेन्सर.

ऐकायला सोपं वाटतं. पण सगळी गंमत त्या ‘बसवायचा’ या शब्दात आहे.

आपल्या टेरेसवरची डिश आठवा. ती सॅटेलाईटकडे तोंड करून उभी असली तरच मॅच दिसते. आता समजा एखाद्याने हजार डिश आणल्या आणि टेरेसवर नुसत्या ओतून दिल्या. काही उताण्या पडतील, काही पालथ्या, काही एकमेकींवर, काही पडतानाच वाकतील. त्यातून नशिबाने नीट पडलेल्यांवर तुम्ही मॅच बघणार! सोन्याच्या किंवा प्लॅस्टिकच्या पृष्ठभागावर अँटिबॉडीचं द्रावण ओतलं की अगदी हेच होतं. ती चिकटते खरी, पण कुठलीही बाजू खाली करून चिकटते. हातच खाली दबले तर ती निकामी. त्यातून प्रोटीन ही नाजूक घडी असते. कोरड्या, कडक पृष्ठभागाला घट्ट बिलगलं की ती घडी उलगडते आणि खाचेचा आकारच बिघडतो. रासायनिक बंधाने चिकटवलं तरी प्रश्न पूर्ण सुटत नाही, कारण ज्याला धरून आपण बंध जोडतो ते लायसिन अँटिबॉडीच्या अंगभर विखुरलेलं असतं. कुठलं लायसिन पकडलं जाईल हे आपल्या हातात नाही.

इथे कुणी म्हणेल, काही वाया गेल्या तर जाऊ देत, उरलेल्या पकडतील की! तर थोडं गणित करू. ५० नॅनोग्रॅम ट्रोपोनिन म्हणजे, त्याचं रेणुभार सुमारे २४ हजार धरल्यावर, लिटरमागे २ पिकोमोल. चांगल्या अँटिबॉडीची पकड साधारण १ नॅनोमोलर असते असं धरा. म्हणजे एवढी तीव्रता असेल तेव्हा तिच्या निम्म्या खाचा भरलेल्या असतात. मग २ पिकोमोलरला किती भरतील? दोन भागिले हजार, म्हणजे पाचशेत एक. पाचशे धडधाकट अँटिबॉडी उभ्या केल्या तर एकीच्याच हातात काहीतरी सापडतं. त्या पाचशेतल्या चारशे पालथ्या पडलेल्या असतील तर सिग्नल पाचपट खाली येतो. आवाज, म्हणजे आपला नॉईज, मात्र तेवढाच राहतो. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना पुढचं सांगायला नको. अ‍ॅम्प्लिफायर कितीही चांगला लावला तरी तो सिग्नलबरोबर नॉईजही वाढवणारच. सुधारणा करायची असेल तर ती अगदी पहिल्या पायरीवर, अँटिबॉडीच्या बुडाशीच करावी लागते.

आता येतात आपले फांद्यावाले पॉलिमर.

पॉलिमर म्हटलं की आपल्याला लांबलचक साखळी आठवते, पॉलिथिनसारखी. पण साखळीच का, झाड का नको? १९७८ मध्ये जर्मनीत बॉन इथे फ्रिट्झ फोग्टले यांनी टप्प्याटप्प्याने फांद्या फुटणारे छोटे रेणू बनवून दाखवले. त्याच सुमाराला अमेरिकेत मिशिगनमधल्या मिडलंडला, डाऊ केमिकलमध्ये डोनाल्ड टोमालिया याच मागे होते. त्यांचं काम १९८५ मध्ये प्रसिद्ध झालं आणि त्यांनी या रेणूंना नाव दिलं डेंड्रिमर. ग्रीक भाषेत ‘डेंड्रॉन’ म्हणजे झाड.

टोमालियांचा प्रसिद्ध डेंड्रिमर म्हणजे पॅमॅम, पॉलिअ‍ॅमिडोअमाईनचं लाडकं नाव. याची रेसिपी इतकी साधी आहे की बारावीच्या केमिस्ट्रीवर समजते. मधे घ्यायचा इथिलीन डायअमाईनचा छोटा रेणू. त्याला दोन नायट्रोजन, प्रत्येकावर दोन हायड्रोजन, म्हणजे चार जागा. या चार जागांवर मिथाइल अ‍ॅक्रिलेट जोडायचं. मग त्या प्रत्येक टोकाला पुन्हा इथिलीन डायअमाईन जोडायचं. चार हात झाले, प्रत्येकाच्या टोकाला अमाईन. ही झाली शून्यावी पिढी. याच दोन पायऱ्या परत केल्या की प्रत्येक टोकाला दोन फांद्या फुटतात: आठ. पुन्हा केल्या की सोळा, बत्तीस, चौसष्ट. पुस्तकातही शब्द ‘जनरेशन’ असाच आहे, त्यामुळे आपणही पिढीच म्हणू. (दोन्ही केमिकल चांगलीच त्रासदायक आहेत, तेव्हा केमिकल ब्रँचच्या मित्रांनी रूमवर प्रयोग करू नयेत!)

साध्या पॉलिमरमध्ये काही साखळ्या लांब, काही आखूड असतात, आपण फक्त सरासरी सांगतो. डेंड्रिमरमध्ये प्रत्येक रेणू जवळपास दुसऱ्यासारखाच. ‘जवळपास’ म्हणायचं कारण, वरच्या पिढ्यांत काही टोकं जोडायची राहून जातात. चौथ्या पिढीच्या पॅमॅमला ६४ टोकं आणि व्यास साधारण साडेचार नॅनोमीटर. सुरुवातीच्या पिढ्या चपट्या, सैल असतात, चौथीपासून पुढे रेणू चेंडूसारखा गोल होत जातो. दहाव्या पिढीत टोकं ४०९६ आणि व्यास साडेतेरा नॅनोमीटर. म्हणजे चौथीपासून दहावीपर्यंत टोकं ६४ पट झाली, पण चेंडूचा पृष्ठभाग फक्त ९ पट! टोकांची अक्षरशः चेंगराचेंगरी होते, आणि म्हणून हे झाड कायम वाढत राहू शकत नाही. सेन्सरच्या कामाला बहुतेक वेळा मधल्याच पिढ्या वापरतात.

हे झाड सेन्सरमध्ये काय करतं? आधी त्याला काचेवर किंवा सोन्यावर रोवायचं. सोन्यावर गंधक असलेल्या रेणूंचा एकपदरी थर देतात आणि त्याला डेंड्रिमरची काही टोकं जोडतात. एकच बंध असेल तर धुताना तुटायची भीती असते, इथे एकाच रेणूचे बरेच बंध जमिनीत मुळांसारखे रुततात. वरची उरलेली टोकं मोकळी राहतात, त्यांना अँटिबॉडी जोडायची. डेंड्रिमर मऊ आणि पाणी धरून ठेवणारा असल्यामुळे अँटिबॉडीला कडक सोन्याला बिलगावं लागत नाही, तिची घडी टिकते. तिला थोडं हलायला, वळायलाही मिळतं.

अनेक ठिकाणी लिहिलेलं असतं की ‘डेंड्रिमरला ६४ टोकं, म्हणून ६४ पट अँटिबॉडी बसतात’. हे मला पटत नाही. हिशोब करून बघा. साडेचार नॅनोमीटर व्यासाच्या चेंडूचा पृष्ठभाग होतो सुमारे ६४ चौरस नॅनोमीटर, म्हणजे एका टोकाच्या वाट्याला एक चौरस नॅनोमीटर. आणि अँटिबॉडी स्वतःच दहा-पंधरा नॅनोमीटरची, म्हणजे डेंड्रिमरपेक्षा मोठी! गावाकडे चिंचेच्या झाडावर बगळे बसलेले पाहिले असतील. डहाळ्या हजारो असतात, म्हणून काही हजारो बगळे बसत नाहीत, पंख मिटायला जागा लागते. चौथ्या पिढीच्या झाडावर फार तर एक-दोन अँटिबॉडी मावतील. तेव्हा खरा फायदा संख्येचा नाही. ती मोजकी अँटिबॉडी जमिनीपासून उंच, जिवंत आणि हात मोकळे ठेवून बसते, हा आहे. उरलेली टोकं फुकट जात नाहीत, त्यातली काही मुळं होतात आणि काहींवर वेगळे रेणू लावता येतात. सिग्नल देणाऱ्या बाजूला मात्र टोकांची संख्या थेट कामाला येते, कारण चमकणारे रंग अँटिबॉडीपेक्षा खूप लहान असतात आणि एका डेंड्रिमरवर बरेच बसू शकतात.

दिशेचा प्रश्नही सोडवता येतो. अँटिबॉडीच्या दांड्यावर साखरेची छोटी साखळी असते. पेरिआयोडेटने तिचं सौम्य ऑक्सिडेशन केलं की तिथे अल्डिहाईड तयार होतात, आणि अल्डिहाईड व अमाईन यांचं जमतं हे आपल्याला माहीत आहेच. डेंड्रिमरची टोकं अमाईनचीच! म्हणजे अँटिबॉडी दांड्याकडूनच पकडली जाणार, हात वर. दुसरा उपाय म्हणजे पेप्सिन एन्झाइमने दांडा कापून टाकायचा आणि उरलेले दोन हात बिजागरीपाशी सुटे करायचे. तिथे गंधकाचा मोकळा गट मिळतो, तोही खाचेच्या बरोबर विरुद्ध टोकाला. हा एकटा हात अख्ख्या अँटिबॉडीच्या एक तृतीयांश, त्यामुळे झाडावर गर्दीही कमी होते.

हे सगळं फक्त रिसर्च पेपरपुरतं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. १९९४ मध्ये प्रताप सिंग आणि सहकाऱ्यांनी ‘क्लिनिकल केमिस्ट्री’ या जर्नलमध्ये दाखवलं की डेंड्रिमरला जोडलेल्या अँटिबॉडीची पकडायची ताकद टिकून राहते, द्रावणातही आणि काचतंतूंच्या कागदावर बसवल्यावरही. यातूनच पुढे डेड बेहरिंग कंपनीचं ‘स्ट्रॅटस सीएस’ हे मशीन आलं, खास कॅज्युअल्टीत ठेवण्यासाठी. २००७ मध्ये ही कंपनी सीमेन्सने घेतली.

या मशीनचं काम बघण्यासारखं होतं. रक्ताची नळी आत ठेवली की ते स्वतःच रक्तद्रव वेगळा करायचं. काचतंतूंच्या चौकोनी कागदाच्या मधोमध डेंड्रिमरला जोडलेली अँटिबॉडी टाकली जायची. मग पेशंटचा रक्तद्रव. त्यातलं ट्रोपोनिन अँटिबॉडी धरून ठेवायची. मग दुसरी अँटिबॉडी, जी ट्रोपोनिनला दुसऱ्या बाजूने पकडते आणि जिच्या पाठीवर एक एन्झाइम बांधलेलं असतं. झालं सँडविच. शेवटी मधोमध धुण्याचं द्रावण सोडायचं. ते पाण्याच्या डागासारखं चहूबाजूंनी पसरतं आणि जे पकडलं गेलेलं नाही ते सगळं कडेला ढकलतं. त्याच द्रावणात एन्झाइमचं खाद्य असतं, ते फुटलं की चमक येते. मशीन फक्त मधला भाग बघायचं आणि चमक किती वेगाने वाढते ते मोजायचं. सुमारे पंधरा मिनिटांत आकडा! आता विचार करा, मधली अँटिबॉडी धुताना जराशी जरी वाहून गेली असती तर? आकडा कमी आला असता आणि पेशंट अ‍ॅसिडिटीची गोळी घेऊन घरी गेला असता. इथे झाडाच्या मुळांना खरं महत्त्व आहे. अमाईनवर धन प्रभार असतो, काचेवर ऋण, हेही पथ्यावर पडतं.

पण हाच धन प्रभार डोकेदुखीही आहे. रक्तातलं अल्ब्युमिन ऋण प्रभाराचं. त्याला मोकळी अमाईन दिसली की तेही येऊन बसणार, आणि आपले ८० ट्रक विसरू नका! सिग्नल दुप्पट केला आणि नॉईज तिप्पट झाला तर काय उपयोग? म्हणून अँटिबॉडी जोडून झाल्यावर उरलेली टोकं बंद करावी लागतात, कुणी तिथे हायड्रॉक्सिल गट लावतं, कुणी पीईजीच्या लवचीक शेपट्या लावतं. माझ्या मते डेंड्रिमर सेन्सरचा कुठलाही पेपर वाचताना आधी हाच भाग शोधावा. नुसत्या बफरमध्ये सुंदर आलेख आला आणि रक्तावर टेस्टच केली नसेल तर त्या आलेखाचं फार कौतुक करू नये.

आणखी एक गोष्ट, खास इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांसाठी. ट्रान्झिस्टरच्या गेटवर अँटिबॉडी बसवून प्रभार मोजणारे सेन्सर असतात. रक्तासारख्या खारट द्रावणात प्रभाराचा प्रभाव एक नॅनोमीटरच्या आतच झाकला जातो, त्याला डिबाय लांबी म्हणतात. अँटिबॉडी आधीच दहा नॅनोमीटर उंच, तिच्याखाली आणखी चार-पाच नॅनोमीटरचं झाड लावलं तर पकडलेला रेणू गेटपासून आणखीच लांब! प्रकाशावर चालणाऱ्या सरफेस प्लाझ्मॉन सेन्सरला हा त्रास नाही, त्याची नजर शेकडो नॅनोमीटरपर्यंत पोचते. तिथे तर स्वीडनमध्ये १९९० पासून डेक्स्ट्रानचा सुमारे शंभर नॅनोमीटर जाड थर वापरतात. डेक्स्ट्रान म्हणजे ग्लुकोजची थोड्याफार फांद्या असलेली साखळी, डेंड्रिमरची बेशिस्त चुलत बहीण म्हणा हवं तर. ती स्वस्त पडते आणि बऱ्याच कामांना पुरते.

स्वस्तावरून आठवलं. पावसाळा संपता संपता होस्टेलवर कुणाला ना कुणाला ताप येतोच आणि डेंग्यूची कार्ड टेस्ट होते. ते कार्डही अँटिबॉडीचं सँडविचच आहे. डेंग्यूच्या विषाणूचं एनएस-वन नावाचं प्रोटीन ते पकडतं. तिथे सहसा डेंड्रिमर वगैरे नसतो, नायट्रोसेल्युलोजच्या पट्टीवर अँटिबॉडीची रेघ नुसती मारून सुकवतात. बऱ्याच वाया जातात, पण अँटिबॉडी भरपूर टाकता येते आणि तापाच्या पहिल्या दिवसांत एनएस-वनही भरपूर असतं, त्यामुळे चालून जातं. चार-पाच दिवसांनंतर ते कमी होत जातं आणि मग अशी पट्टी निगेटिव्ह दाखवू शकते. या ठिकाणी चांगल्या बसवलेल्या अँटिबॉडीने फरक पडू शकेल. पण ज्याला आधी एकदा डेंग्यू होऊन गेला आहे त्याचं काय? त्याच्या रक्तातल्या जुन्या अँटिबॉडी एनएस-वनला आधीच धरून बसतात, पट्टीला पकडायला ते बऱ्याचदा फारसं मोकळं उरत नाही. तिथे कितीही फांद्या लावून फारसा उपयोग होत नाही. म्हणून ताप चार-पाच दिवसांच्या वर गेला असेल तर कार्ड निगेटिव्ह आलं तरी डॉक्टर आयजीएमची टेस्ट आणि प्लेटलेट बघायला सांगतात, आणि तेव्हा ‘निगेटिव्ह आहे ना सर’ म्हणून रूमवर झोपून राहू नये.